तिकडे ब्राऊन, इकडे दांडिया बाजारातली: निबंधात स्वतःबद्दल काय लिहू?

पत्र थोडं कापून देतेय, मुद्दे सगळे तिचेच आहेत.

"ताई, आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारला, चार-पाच पिढ्या इथेच, पणजोबांचे वडील गायकवाडीत कारकून होते. मी गेल्या वर्षापासून कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये सोशल पॉलिसीत मास्टर्स करतेय. एका कोर्सला निबंध आहे, वांशिक न्याय आणि इंडिजिनस, म्हणजे मूळ रहिवासी लोकांचे हक्क या विषयात तुमची स्वतःची जागा कुठे आहे ते लिहा. मी माझ्याच अनुभवावर लिहायला घेतलं होतं. एका घरमालकिणीने 'इंडियन्सना देत नाही, तुमच्या फोडणीचा वास पडद्यांना बसतो' म्हणून खोली नाकारली होती, ते. मग सुट्टीला घरी आले. गल्लीच्या टोकाला गटारलाईनचं काम चालू आहे, छोटा उदेपूरकडची कुटुंबं ताडपत्री बांधून राहतायत. त्यातली एक बाई पाणी मागायला आली, आईने लगेच दिलं, पण देताना कोपऱ्यातली वेगळी बाटली उचलली. मी विचारलं ही वेगळी का, तर म्हणाली 'ती त्यांच्यासाठीच ठेवलीय'. रात्री जेवताना मी विषय काढला आणि बाबा भडकले, तिकडे जाऊन गोऱ्यांचं ऐकून आता आम्हाला शिकवणार का, या लोकांना सरकार सगळं देतं, रिझर्वेशन आहे, आपल्या मुलांना काय मिळतं वगैरे. आता मला तो निबंध खोटा वाटायला लागलाय. मी या विषयावर लिहू तरी का? की चार दिवस छोटा उदेपूरकडे तेजगढ बाजूला जाऊन राठवा आदिवासींशी बोलून त्यांच्यावर लिहू? वर्गात सर सारखं 'इंडियन पर्स्पेक्टिव्ह' विचारतात तेव्हा काय बोलू? आणि आई विचारते, याच्यात नोकरी तरी आहे का."

अगं, आधी त्या खोलीचं बोलू, कारण तू ते एका ओळीत उरकलंस आणि पुढे गेलीस, जणू ती बाटली बघितल्यावर तुझ्या अपमानाला काही किंमतच उरली नाही. तसं नसतं. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क कायद्याप्रमाणे वंश, रंग, मूळ देश यावरून कुणाला भाड्याने घर नाकारता येत नाही, फक्त मालक किंवा त्याच्या घरचे भाडेकरूबरोबर एकच बाथरूम नाहीतर किचन वापरणार असतील तर त्यांना सूट आहे. म्हणजे ते वेगळं युनिट होतं की तिच्या राहत्या घरातली खोली होती हे आधी आठव. वेगळं असेल तर तिथल्या ह्यूमन राइट्स ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो, घटनेपासून वर्षाच्या आत. मेसेज असतील तर डिलीट करू नकोस, तोंडी झालं असेल तर तारीख-वेळ टाकून लिहून ठेव. तक्रार करायची की नाही ते तुझं तू ठरव, परक्या गावात परीक्षेच्या तोंडावर प्रत्येकाला झेपतंच असं नाही. पण हे निबंधात राहू दे, काढू नकोस, आणि नुसतं मला किती लागलं एवढंच न लिहिता नियम काय आहे, त्यातून पळवाट कुठली आहे आणि दाद कुणाकडे मागायची तेही लिही, सोशल पॉलिसी तुम्हाला तेवढ्यासाठीच तर शिकवतायत ना.

आणि तो अपमान तुझ्या एकटीचाही नाही. १९१४ साली कोमागाटा मारू जहाज व्हँकुव्हरला पोचलं, ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबातले शीख, आणि त्यांना दोन महिने बंदरातच अडवून शेवटी जवळपास सगळ्यांना परत पाठवलं. कायदा असा चलाखीने केला होता की त्यात 'भारतीय' शब्द नव्हता, फक्त एवढंच की स्वतःच्या देशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश, आणि त्या काळात हिंदुस्थानातून थेट येण्याची सोयच नव्हती. हे उदाहरण तुझ्या निबंधात नक्की घे, कारण नियमात कुणाचं नाव न घेता माणसं कशी वगळतात हे याच्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. ब्रिटिश कोलंबियात आपल्या लोकांना मत द्यायचा हक्क १९४७ ला मिळाला. आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेव, फर्स्ट नेशन्स या तिथल्या मूळ समाजांच्या लोकांना इंडिजिनस म्हणून असलेला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देता यायला १९६० उजाडलं. ज्यांची जमीन, त्यांना आपल्याही नंतर तेरा वर्षांनी.

इथेच तुझ्या कोर्सच्या नावात दोन वेगळे विषय एकत्र बांधलेत आणि मला वाटतं तुझा अर्धा गोंधळ त्यातूनच आलाय. वांशिक न्यायात आपण म्हणतो की मला इतरांसारखं वागवा, खोली द्या, नोकरी द्या, पोलिसांनी विनाकारण थांबवू नका. इंडिजिनस हक्कात हे आहेच, पण त्याच्यापलीकडे आणखी एक मागणी आहे, की आमच्या जमिनीचा, पाण्याचा, मुलांचा निर्णय आम्ही घेणार, तुम्ही कितीही चांगल्या मनाने घेतलात तरी तो तुमचा नाही. करार झालेत, त्यांची स्वतःची शासनं होती आणि आहेत. तू तिथे इमिग्रेशनच्या कागदावर गेलीस, तो कागद कॅनडा सरकारने दिला, त्या जमिनीच्या मूळ लोकांनी नाही. त्यामुळे तुझ्यावर वंशभेद होतो आणि तरीही त्या दुसऱ्या प्रश्नात तू सरकारच्या बाजूने आत आलेली पाहुणी आहेस, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि निबंधात दोन्ही लिहायला काहीच हरकत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुझ्याच क्षेत्रातलं आहे, बालकल्याण. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत इंडिजिनस मुलं ७.७ टक्के होती, आणि फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेव आणि दोन मिनिटं काही करू नकोस. आधी रेसिडेन्शियल शाळा, दीड लाखावर मुलं घरापासून तोडून नेली, भाषा बोलली तर मार, शेवटच्या शाळा तर १९९० च्या दशकात बंद झाल्या. मग साठच्या दशकापासून सोशल वर्कर घरात जायला लागले, हे घर लहान आहे, फ्रिज रिकामा आहे, आई एकटी आहे असे शेरे मारून हजारो मुलं उचलून गोऱ्या कुटुंबांना दत्तक दिली. ही माणसं क्रूर होती असं समजू नकोस, बहुतेकांना मनापासून वाटत होतं आपण मुलाचं भलं करतोय, आणि आपल्यासारख्यांनी नेमकं याचंच भय धरायला हवं. सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये यातल्या आपल्या वाट्याबद्दल लेखी माफी मागितली. त्या रेसिडेन्शियल शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली पहिलीच बालकल्याणाची आहे. २००७ मध्ये बालहक्क कार्यकर्त्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांची संस्था आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स यांनी तक्रार केली होती की रिझर्व्हवरच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखलेल्या जमिनींवरच्या मुलांच्या सेवांना केंद्र सरकार कमी पैसा देतं, आणि २०१६ ला कॅनडाच्या मानवी हक्क ट्रिब्युनलने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. १ जानेवारी २०२० पासून तर कायदाच आलाय की इंडिजिनस समाज आपल्या मुलांच्या सेवेचे नियम स्वतः करू शकतात, तो सुप्रीम कोर्टातही २०२४ ला टिकला. बघ, भाषणं, दिलगिरी सगळं झालं, पण फरक पडायला सुरुवात झाली ती पैसा किती आणि निर्णय कुणाचा या दोन गोष्टींना हात घातल्यावर.

आता हेच दोन प्रश्न घेऊन तुझ्या गल्लीच्या टोकाला ये.

ती जी बाई पाणी मागायला आली ती रस्त्यावर राहते कारण कंत्राटदाराने गटारीचा दर ठरवताना तिच्या राहण्याचा, संडासाचा, पाण्याचा खर्च कुठेच धरलेला नसतो. तू कधी त्या पालात डोकावून बघ, दोन बांबूंच्या मध्ये जुन्या साडीची झोळी, त्यात तान्हं, झोळीला बांधलेली दोरी चार-पाच वर्षांच्या मोठ्या पोरीच्या हातात, ती एका हाताने हलवतेय, दुसऱ्या हातात मक्याच्या रोटल्याचा तुकडा, आणि आईबाप सात फूट खाली खड्ड्यात. ही पोरगी अंगणवाडीत नाही कारण तिचं नाव गावच्या अंगणवाडीत आहे. बांधकाम मजुरांसाठी वेल्फेअर बोर्ड आहे, त्याच्यासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का सेस घेतात, म्हणजे पैसा नाही असं नाही, पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आता जो माणूस दोन आठवडे बडोद्यात, तीन आठवडे सुरतला, मग पावसात गावी पेरणीला, त्याला हा दाखला कोण देणार? मुकादम सही करत नाही कारण सही केली की उद्या अपघात झाला तर तो मजूर त्याचाच होता हे सिद्ध होतं. मी या कामात बरीच वर्षं काढली आणि माझं ठाम मत झालंय की आपल्याकडे आदिवासी मजुराचं सगळ्यात जास्त नुकसान कुणाच्या शिव्यांनी होत नसेल इतकं या एका न मिळणाऱ्या सहीने होतं.

गोध्र्याचं प्रकरण तुला माहीत आहे का? इथून दोन तासांवर. गोध्रा, बालासिनोर भागातल्या दगड दळायच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले अलीराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी कामाला यायचे, क्वार्ट्झची बारीक धूळ छातीत जायची, आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला की घरी परत जाऊन मरायचे. मरण एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात, हजेरीपटावर नाव नाही, मग जबाबदार कोण? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या घरच्यांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख द्यावेत असं सांगितलं, तरी ते मिळायला सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश लागला. तुझ्या सरांनी इंडियन पर्स्पेक्टिव्ह विचारला तर हे सांग, योग-बिग नको.

आणि केवडिया. पुतळा बघायला तुझ्या घरचे गेलेच असतील, २०१८ पासून बडोद्यातलं कोण गेलं नाही. तिथल्या सहा गावांची जमीन साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाच्या वसाहतीसाठी घेतली, पण ती गावं पाण्याखाली गेली नाहीत म्हणून त्यांना बुडितातल्यांसारखं धरणग्रस्त धरलंच नाही. पाण्याखाली गेलेल्यांना तरी १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात जमिनीला जमीन म्हटलं होतं, त्यासाठीही लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणीतल्या ३३ गावांचं तर मराठी पेपरात तेव्हा किती आलंय. कायदे आपल्याकडे कमी नाहीत गं, आदिवासी भागांसाठी घटनेची पाचवी अनुसूची आहे, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या खाणीबद्दल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं, बारा ग्रामसभांना विचारलं आणि बाराही नाही म्हणाल्या, खाण झाली नाही. विचारलं की काय होतं ते दिसलं, पण नियमगिरीसारखं खरंखुरं विचारणं फार थोड्या ठिकाणी होतं.

तुझ्या युनिव्हर्सिटीत कार्यक्रमाच्या सुरुवातीला म्हणतात ना, की ही जमीन अमुक लोकांची आहे आणि आम्ही त्यांच्या जमिनीवर जमलोय. तेच वाक्य तू बडोद्यासाठी लिहून बघ, हे मी अगदी मनापासून सांगतेय, निबंधाचा सगळ्यात चांगला भाग तोच होईल. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सोनगडचा डोंगर मेवासी भिल्लांकडून घेतला, गायकवाडी तिथून उभी राहिली, बडोदा नंतर. आपण सगळे मराठी लोक इथे त्या सत्तेच्या मागोमाग आलो, कुणी शिलेदार, कुणी फडणीस, कुणी भटजी, तुमच्यात कारकून. आपल्या घरात हा इतिहास वाडा, सनद, महाराजांचा फोटो एवढ्यापुरता सांगतात, समोर कोण होतं ते कुणी सांगत नाही. सयाजीरावांबद्दल मला अतोनात आदर आहे, १९०६ ला सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणं ही साधी गोष्ट नव्हती, सोनगडला धाणका आदिवासी मुलांसाठी बोर्डिंगही त्यांच्याच राज्यात निघालं. हे बोर्डिंग आणि कॅनडाच्या शाळा एकाच मापाने मोजू नकोस, तिथे कायद्याने जबरदस्ती होती, पोलीस मुलं उचलून न्यायचे. पण आजच्या आपल्या आश्रमशाळेत सुद्धा मूल कुठल्या भाषेत पहिली शिकेल, काय खाईल, सुट्टी होळीला मिळेल की नाही हे गावातलं कुणी ठरवतं का, हा प्रश्न तू विचारू शकतेस. होळीचा मेळा हा राठवांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे, त्या आठवड्यात परीक्षा लावली की वर्ग रिकामा आणि मग शेरा काय, तर आदिवासी मुलांना शिक्षणाची गोडी नाही.

बाबांचं बोलणं. 'गोऱ्यांचं ऐकून' हा त्यांचा मुद्दा आहे ना, तर मग गोऱ्यांना बाजूला ठेव आणि कमाटीबागेतून सुरुवात कर. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले, कळल्यावर लाठ्या घेतलेली माणसं आली, शेवटी कमाटीबागेत झाडाखाली बसून मुंबईच्या गाडीची वाट बघितली. ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकायचे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की परदेशातल्या काही वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, बडोदा स्टेशनवर उतरताना ती परत समोर आली. फार मोठं नाही, बाबा एका संध्याकाळी वाचतील. बडोद्यात घर न मिळालेला माणूस कोण होता आणि न देणारे कोण होते हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकायची गरज नाही, ते वाचून समजण्याइतके शहाणे असणारच. तुझं खोली नाकारल्याचं घरी सांगितलंस का? नसेल तर त्याच संध्याकाळी सांग. मुलीला वासावरून घर नाकारलं हे ऐकून बापाला जे वाटेल ते वाटू दे, त्यावर तू लगेच प्रवचन सुरू करू नकोस.

रिझर्वेशनचं मात्र सरळ आकड्यात बोल. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये अनुसूचित जमाती १४.७५ टक्के, राज्यातलं आरक्षण १५ टक्के, म्हणजे लोकसंख्येइतकंच. आपल्या मुलांना काही नाही म्हणत असतील तर २०१९ पासून खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांना १० टक्के आहे. आणि पणजोबांच्या वडिलांना कारकुनी कशी मिळाली, दरबारात आपली माणसं होती म्हणूनच ना, त्या पगारावर घर झालं, पुढच्या पिढीची फी भरली गेली, तू कॅनडाला गेलीस त्याच्या मुळाशी तेही आहे. हे बाबांना खिजवायला बोलू नकोस, जमलं तर कौतुकाने विचार, जुने कागद काढायला सांग, लोक जुने कागद काढले की बोलतात.

आईला वेगळं सांग. आई पाणी लगेच देते, दार लावून घेत नाही, ही सुरुवात चांगली आहे, पण वेगळी बाटली चुकीचीच आहे, तिला सवय म्हणून सोडून देऊ नकोस. पुढच्या वेळी बाई आली की तू स्वतः घरातल्या नेहमीच्या तांब्यातून पाणी दे आणि तोच तांब्या परत जागेवर ठेव. आई दोन दिवस गप्प राहील. राहू दे.

तेजगढला चार दिवस जाऊन लोकांशी बोलून लिहिणं, हे नको. तू वाईट करशील म्हणून नाही. तुझ्या हातात ना त्यांची भाषा, ना ओळख, ना वेळ, आणि निबंधावर नाव आणि मार्क तुझे. कॅनडात फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्येच तत्त्व मांडलंय की आमची माहिती आमच्या मालकीची, तिच्यावर ताबा आमचा, ती कोण बघणार आणि कुठे ठेवायची ते आम्ही ठरवणार. तुझ्या युनिव्हर्सिटीत इंडिजिनस समाजात जाऊन मुलाखती घ्यायच्या तर एथिक्स कमिटी आणि त्या समाजाची परवानगी लागते, मग राठवा बाईची गोष्ट रेकॉर्डर दाबून घेऊन जायला परवानगी नको, कारण ती भारतात राहते? हे तुझ्या मनात नव्हतं मला माहितीये, पण करणारे खूप बघितलेत, फोटो काढतात, राठवांच्या पिथोरा चित्रांच्या भिंतीपुढे उभे राहतात, रिपोर्ट कधी गावात परत येत नाही. तेजगढला जरूर जा, बडोद्यात १९९६ ला गणेश देवींनी सुरू केलेल्या भाषा संस्थेची आदिवासी अकादमी आहे तिथे, संग्रहालय आहे, पुस्तकं आहेत, आदिवासी भाषांतून 'ढोल' नावाचं नियतकालिक त्यांनी काढलेलं आहे ते बघ, वाच. जे आधीच त्यांनी स्वतः बोलून-लिहून ठेवलंय ते नाव देऊन वापर. चौकशी करायचीच असेल तर आपल्या बाजूची कर. महापालिकेच्या ड्रेनेजच्या टेंडरच्या अटीत मजुरांच्या राहण्याबद्दल काय लिहिलंय ते माहिती अधिकारात मागव, कंत्राटदाराला विचार, गल्लीतल्या लोकांना विचार, याला कुणा गरिबाची गोष्ट उचलावी लागत नाही आणि उत्तरं सुद्धा जास्त कामाची मिळतात.

वर्गातलं. एकशे चाळीस कोटींच्या वतीने बोलायची जबाबदारी तुझी नाही, सरांना नम्रपणे सांग की मी बडोद्यातल्या एका सवर्ण मराठी घरातून आलेय, तिथून जे दिसतं ते सांगते. सवर्ण हा शब्द उच्चारायला जड जाईल, मुलं विचारतील म्हणजे काय, सांग. तिथे आता जातीचा विषय अगदी परका राहिलेला नाही, ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की जातीवरून भेदभाव त्यांच्या कायद्यात बसतो. काही भारतीय मुलांना हे आवडणार नाही, घरची भांडणं गोऱ्यांपुढे कशाला म्हणतील. त्यांना सांग की १९४६ मध्ये आंबेडकरांनी स्वतः अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, निग्रो लोकांच्या संघटनेने युनोकडे अर्ज दिलाय त्याची प्रत मागायला, अस्पृश्यांनीही तसंच करावं असा विचार त्यात होता, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. हे बोलणं दोन्हीकडून कधीचं चालू आहे. आणि तुझ्या वर्गात फर्स्ट नेशन्सची मुलं-मुली असतील तर 'आमच्याकडेही सेम आहे' असं म्हणत त्यांच्या वाक्यात शिरू नकोस, त्यांचं पूर्ण होऊ दे. युनोचा इंडिजिनस हक्कांचा जाहीरनामा २००७ ला आला तेव्हा कॅनडाने विरोधात मत दिलं होतं आणि भारताने बाजूने, पण आपल्या सरकारची भूमिका अशी की आम्ही सगळेच भारतीय इथले मूळचे. कॅनडाने पुढे २०२१ मध्ये त्यावर कायदा केला. कोण पुढे कोण मागे हे एका तारखेवरून ठरवता येत नाही, ही गोष्ट वर्गात मांडलीस तर चर्चा चांगली होईल.

मग निबंधात एकूण काय? खोली, जहाज, फॉस्टर केअरचे आकडे, ९० दिवसांचा दाखला, सोनगड. बाटली लिहायची की नाही ते आईला विचारून ठरव, तो तिच्या घरातला प्रसंग आहे आणि मार्क तिला मिळणार नाहीत. तिने नको म्हटलं तर त्याच्याशिवायही निबंध पुरा उभा राहतो. वाचायच्या यादीत आदिवासी अभ्यासक किती आहेत तेही बघ, नसतील तर सरांना सुचव, २०१४ चा प्रोफेसर व्हर्जिनियस खाखा समितीचा आदिवासींच्या स्थितीवरचा अहवाल इंग्रजीत नेटवर मिळतो, त्यांना वाचायला काही अडचण नाही.

आणि नोकरी. आईला सांग आहे, पण कॅम्पसमध्ये कंपनी येऊन उचलेल तशी नाही. तिकडे नगरपालिका, हॉस्पिटलं, प्रांतिक सरकारची खाती पॉलिसीची माणसं घेतात, इकडे स्थलांतरित मजुरांवर काम करणाऱ्या संस्था, वनहक्काच्या दाव्यांवर काम करणाऱ्या संस्था, राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्था आहेत, पगार सुरुवातीला बेताचा असतो हे खरं, ते लपवू नकोस. या सुट्टीत गुजराती वाचायचा सराव वाढव, बोलता येतंच तुला, पण सरकारी ठराव आणि टेंडर वाचता आले पाहिजेत, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी अर्ज आत्तापासून टाक, उशीर केला की जागा कमी राहतात.